कपाटातले बॅज

सदाशिव पेठ, पुणे
८ जानेवारी २०२५

प्रिय गेनबा,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. वारज्याहून इथं यायला स्कूटरवर अर्धा तास लागतो आणि मी तुला पत्र लिहितोय, म्हणून हसशील. फोन तू उचलत नाहीस. एकोणीस वर्षांत उचलला नाहीस, आता काय उचलणार!

प्रेमला ठीक आहे. मला रोज मऊ भात वाढते आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहते. म्हाताऱ्या नवऱ्यावर पहारा करायची तिला आता हौसच लागली आहे.

मऊ भात कशासाठी, ते सांगतो. दिवाळीनंतर माझ्या जठरातली कॅन्सरची गाठ काढली. अर्धं जठर गेलं, उरलेल्यावर चाललंय. रडारड करायला लिहीत नाही.

हॉस्पिटलात उत्कर्षा नावाची संशोधक मुलगी येते. त्या गाठीचा तुकडा तिला अभ्यासाला हवा होता. म्हणाली, "काका, पेशीतली सगळी जनुकं एकाच वेळी काम करत नाहीत. काही जोरात चालू असतात, काही बंद. किरणोत्सर्ग अंगावर घेतलेल्यांच्या गाठीत वेगळी जनुकं चालू दिसतात का, ते आम्ही बघतोय." मग तिनं माझी जुनी नोंद मागवली. बॉयलरच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढण्यात बावीस वर्षं गेली, आणि नोंदीत किरणांची मात्रा जवळजवळ शून्य! तिनं विचारलं, "बॅज रोज लावत होतात ना?"

मी म्हणालो, "रोज."

म्हणजे माझा तुकडा किरण न लागलेल्यांच्या गटात जाणार. आणि तिचा हिशोब माझ्या खोट्यामुळे चुकणार.

तुला वेगळं काय सांगू? मात्रा मोजणारे ते बॅज कामाला निघताना मीच सगळ्यांकडून काढून घ्यायचो आणि कपाटात ठेवायचो. कुणाची मात्रा हद्दीपलीकडे गेली की त्याला घरी बसवत, माणसं कमी पडत. माझ्या टोळीतला एकही माणूस कधी बसला नाही, हे मी मिरवत होतो. आता लाज वाटते.

तू एकटा साहेबांपुढे उभा राहिलास. "बॅज कपाटात हायेत साहेब, आमच्या अंगावर न्हाईत." साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, गेनबा खोटं बोलतोय, त्याला काम नकोय. तुझी नोकरी गेली. तू माझ्याकडे बघत बाहेर पडलास, तेव्हा मी कॅमेऱ्याची पेटी पुसत होतो.

परवा उत्कर्षाला सगळं लेखी दिलं. ती रागावली नाही. म्हणाली, एका गाठीवरून आजार किरणांनीच झाला असं सांगता येत नाही, तुमची तंबाखूही आहेच. पण टोळीतल्या बाकीच्यांनी पोट तपासून घेतलेलं बरं. आपल्याबरोबरच्या इंद्रजीतला मी गाठलं, तो जाऊन आला. तू उरलास.

सतरा तारखेला, शुक्रवारी सकाळी दहाला, तुझ्या दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घेतली आहे. उपाशीपोटी ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी घरी थांबेन, प्रेमला येईल. राग तसाच ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. तपासणी मात्र चुकवू नकोस, पाया पडतो.

लेखी दिलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात तुझं नाव आहे. मुलांना वाचून दाखव.

तू खरं बोलला होतास, हे तेव्हाही माहीत असलेला,
जयसिंग