नववं माणूस

२९ नोव्हेंबर

हो म्हणून बसले!

राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या टोलिव्हरबाईंच्या माणसांचा फोन आला. तुमच्या वॉर्डात बाईंसाठी माणसं जमवायला कॅप्टन व्हाल का? म्हटलं, आठवी शिकलेली बाई चालते का? फोनवरची पोरगी म्हणाली, "तुम्हाला गावात सगळे ओळखतात असं ऐकलं." ओळखतात कसले, घाबरतात. पण ते सांगितलं नाही.

ऑर्व्हलला सांगितलं. म्हाताऱ्याने पेपरातून मान वर केली नाही. "बरं." चोपन्न वर्षं संसार केला, पण याचं कुठलं "बरं" म्हणजे काय, ते अजून मला कळत नाही.

६ डिसेंबर

बाई स्वतः आल्या, माझ्या मैत्रिणीच्या, आर्लिसच्या घरी, तळघरात! आर्लिसने कॉफीचं मोठं भांडं चढवलं होतं, मी सफरचंदाचे दोन पाई नेले. गव्हर्नर होत्या म्हणे एका राज्याच्या. दिसायला शाळेतल्या मास्तरीणबाई. बुटांना बर्फ लागलेला, तो पायपुसण्यावर नीट झाडून आत आल्या. ते मला आवडलं.

सगळे गोड गोड विचारत होते. मी म्हटलं, "बाळंतपणाचा विभाग गेल्या वर्षी बंद केला. नीना ड्रेकची लेक हायवेवर ट्रकमध्ये बाळंत झाली. आता उरलेला दवाखानाही उन्हाळ्यात बंद करणार म्हणतात. तुम्ही काय करणार?"

आर्लिसने मला कोपर मारलं. मारू दे.

बाई म्हणाल्या, "पैसा कुठून आणायचा ते मला अजून माहीत नाही. पण बंद होऊ देणार नाही."

माहीत नाही म्हणाल्या! या आयोवात दर चार वर्षांनी इतके उमेदवार येतात, हात मिळवतात, पाई खातात, आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. ही पहिलीच. मी तिथेच ठरवलं.

गेल्या वसंतात ऑर्व्हलच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखाना जवळ होता, म्हणून तो आज कॉफी ढवळत बसतो. तिसऱ्या गावाला न्यायला लागलं असतं तर मी एकटी ढवळत बसले असते. हे मी कुणाला सांगत फिरत नाही.

१२ डिसेंबर

शहरातून टीव्हीवाला आलाय. दुकानात मला गाठून म्हणतो, "आजी, बाकीच्या राज्यांसारखी गुपचूप चिठ्ठी टाकायची सोडून हे काय?"

म्हटलं, बाबा, चिठ्ठी कुणीही टाकतं. इथे कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभेच्या संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात यायचं, दार लागलं की आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजाऱ्यासमोर, पाद्रीसमोर, ज्याच्याकडून गाय घेतली त्याच्यासमोर. जो आला नाही तो मोजला नाही. ज्याच्या कोपऱ्यात फार थोडी माणसं, तो कोपरा मोडतो, आणि मग बाकीचे त्या लोकांना ओढायला येतात. लग्नात नवरी पळवतात तसे!

तो हसला. पण हे त्याने टीव्हीवर दाखवलं नाही. माझी टोपी दाखवली.

१८ डिसेंबर

आर्लिस आणि मी दारोदार. तिचा गुडघा, माझी कंबर, दोघींत मिळून एक धड बाई.

आपल्या वॉर्डात साधारण साठ जण येतात. कोपरा टिकायला नऊ हवेत. माझ्याकडे आहेत — आर्लिस, मी, नीना ड्रेक आणि तिचा नवरा, टर्कीफार्मवरची दोघं भावंडं, चर्चची ऑर्गनवाली. सात. आठवा बहुधा पोस्टातला रॉडनी. तो नाही म्हणायला लाजतो.

परतताना ड्वेन हुकस्ट्रा भेटला. सिनेटर हॅस्केलचा कॅप्टन. बँकेत होता, त्यामुळे अजून समोरच्याकडे तारण मागतोय असं बघतो. "काय गं, जमली का फौज? आमचा सिनेटर परदेशातली लढाई थांबवून फौजेतल्या पोरांना घरी आणणार आहे. तुझी बाई काय आणणार?"

"आणू दे की पोरांना. पण तुला उद्या फेफरं आलं तर नेणार कुठे, बँकेत?"

आर्लिस म्हणाली, अशाने माणसं जोडली जात नाहीत. म्हटलं, ड्वेनला जोडून करायचंय काय!

२६ डिसेंबर

केंड्रा ख्रिसमसला आली होती. आमची नात. आई गेल्यापासून आमच्याकडेच वाढली, आता नर्सिंगला आहे. दवाखाना राहिला तर इथेच नोकरी मिळेल तिला. म्हटलं, नववी तू. "हो आजी," म्हणाली. पोरगी जरा गप्प होती. अभ्यास फार असतो म्हणे.

ऑर्व्हल कधीच कॉकसला येत नाही. "माझं मत माझ्या खिशात," म्हणतो. मीही कधी ओढलं नाही.

९ जानेवारी

उणे वीस. गाडी सुरू होईना. माणसंही होईनात.

१३ जानेवारी

केंड्राचा फोन. उद्या येता येत नाही, काम आहे. काय काम? "आहे गं आजी." मी फोन आपटला. मग वाईट वाटलं, पण परत केला नाही.

ऑर्व्हलला म्हटलं, उद्या तू येणार आहेस. नववा तू.

त्याने चमचा खाली ठेवला. "मी यावंच, असं तुला नक्की वाटतं?"

"वाटतं कसलं, कोट काढून ठेवते."

"बरं."

१५ जानेवारी

काल रात्री लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

जेवणघर भरलेलं. खिमा-राजम्याच्या चिलीचा आणि दालचिनीच्या गोड पावांचा वास, ओले बूट, मुलांच्या बुटक्या बाकांवर ही एवढाली माणसं. सात वाजता दार लावलं. सगळे आपापल्या कोपऱ्यात. माझे लोक दुधाच्या यंत्राजवळ. मी मोजते — रॉडनीसुद्धा आला! आठ. वळून बघते तर ऑर्व्हल टोपी हातात घेऊन चाललाय. माझ्याकडे नाही. ड्वेनकडे. सिनेटरच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

सगळं जेवणघर बघत होतं. मी मुद्दाम पुन्हा मोजलं, कुणाला वाटावं मी मोजतेच आहे म्हणून. आठच. कोपरा मोडला.

मग ओढाओढी सुरू. तिसरा उमेदवार, तरुण वकील लिंडग्रेन, त्याची माणसं आली, गोड बोलली. ड्वेन हुशार. स्वतः आला नाही, ऑर्व्हलला पाठवलं. "बायको तुझी, तू आण!" लोक हसले.

ऑर्व्हल आला. "चल माझ्याबरोबर," म्हणाला.

"का?"

"एकदाच चल."

"का ते सांग!"

तो टोपीची कड फिरवत उभा. मला वाटलं, याचा जीव वाचावा म्हणून मी बर्फात दारोदार फिरले, आणि हा मला ड्वेनच्या कोपऱ्यात न्यायला आलाय! मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "पुढच्या वेळी छातीत कळ आली ना ऑर्व्हल, तर सिनेटरला फोन कर. मला उठवू नकोस."

कुणीतरी टाळी वाजवली. नीना खो खो हसली. ऑर्व्हल हसला नाही, चिडलाही नाही. टोपी डोक्यावर घातली. मग परत गेला.

मी माझ्या सगळ्यांना उचललं आणि लिंडग्रेनच्या कोपऱ्यात नेलं. आर्लिस कुजबुजली, "अगं, हा तर दवाखान्याबद्दल अवाक्षर बोलला नाही!" मला माहीत होतं. आमची आठ माणसं तिकडे गेली आणि डोकी मोजून पक्षाच्या पुढच्या सभेला जे प्रतिनिधी पाठवतात, त्यात सिनेटरचा एक कमी झाला. ड्वेनचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पाहिलं, पोटभर.

घरी आल्यावर त्याने माझ्या बाजूचा हीटर लावून दिला आणि झोपायला गेला. हेच मला आवडत नाही याचं. भांडायला आलं तर भांडून टाकता तरी येतं.

सकाळपासून विचार करतेय. चोपन्न वर्षं याचं मत याच्या खिशात होतं, मला त्याचं काही नव्हतं. खिशात होतं तोवर मी समजत होते ते माझ्यासारखंच असणार. काल बाहेर काढलं तर हे! माणसाने काय काय खिशात घेऊन आपल्या शेजारी झोपावं?

१६ जानेवारी

टोलिव्हरबाईंनी माघार घेतली. रेडिओवर, हवामानाच्या बातमीनंतर. आर्लिस रडली फोनवर. मी म्हटलं, पाई वाया गेले, दुसरं काय! पण स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओट्याची एकच बाजू दोनदा पुसली.

ऑर्व्हल म्हणाला, "चांगली बाई होती."

मी ओटा तिसऱ्यांदा पुसला.

१८ जानेवारी

केंड्रा आली होती. कोटसुद्धा न काढता सांगितलं — नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या फौजेत नाव घातलंय, नर्सिंगचा खर्च ते देतात. मार्चमध्ये ट्रेनिंग, मग पलटण जाईल तिथे. पलटण कुठे जाते ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आजोबाला नाताळातच सांगितलं होतं, आजीकडे बोलायचं नाही अशी शपथ घालून. कॉकसला आली नाही ती हे लपवून माझ्यासमोर उभं राहायला नको म्हणून.

ती गेल्यावर ऑर्व्हलला म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर कुठल्या कोपऱ्यात उभी राहिली असतीस?"

बटाटे सोलत बसले. दवाखाना टिकला तर हा वाचणार, लढाई थांबली तर ती. सगळे बटाटे सोलून झाले. दोघांना चार दिवस पुरतील इतके.