गार्गीचा लेखनिक

७ एप्रिल
कॉलेजचा कारकून आहे की कोतवाल! नात गार्गी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला डिस्लेक्सिया. एकदा ऐकलेलं विसरत नाही, पण लिहायला बसली की अडते. परीक्षेत ती सांगेल ते उतरवून घ्यायला लेखनिक मिळतो — नियमच आहे. सर्टिफिकेट पुढे केलं, तर हा म्हणतो, "पोरगी तर चांगली धडधाकट दिसून राहिली, मॅडम. रायटर काहून पाहिजे?"

मग मी सोडते! कॉन्व्हेंटात शिकवून कमावलेला आवाज — "डिस्लेक्सिया आहे तिला! शब्द तरी ऐकलाय कधी?" अख्खा कॉरिडॉर वळून बघतो. लेखनिक मंजूर! मागे वळून पाहिलं तर गार्गी जिना उतरून गेलेली.

८ एप्रिल
जेवली नाही. "ऊन लागलं," म्हणते. कूलरसमोर बसून ऊन लागतं होय!

९ एप्रिल
आज फुटली. "कोणालाच माहीत नव्हतं, आजी! फीच्या रांगेत अख्खा वर्ग उभा होता." परीक्षेलाच बसणार नाही म्हणते.

दोन वर्षं मैत्रिणीकडून, रितिकाकडून, नोट्स मोठ्याने वाचून घेतल्या — डोळे दुखतात सांगून. फळ्यावर लिहायची वेळ आली की काहीतरी विनोद करायचा, नाहीतर पाणी प्यायला पळायचं. वाचायला लागतो त्याहून जास्त जोर लपवायला लागत असणार. मार्क सगळे विचारतात. हे कुणी विचारलं?

१० एप्रिल
लेकीचा, अरुंधतीचा, पुण्याहून फोन. "आई, चारचौघांत बोललीस? उद्या तिच्यासाठी स्थळं बघायची..." पोटची पोर परीक्षा सोडायला निघालीय आणि हिला स्थळं! फोन आपटला.

१२ एप्रिल
रितिका आली. चपलाही न काढता ओरडली, "काय वं! दोन वर्षं मले फुकटचा रेडिओ बनवलं? खरं सांगितलं असतं तर काय वाचलं नसतं मी?"

पन्हं घेऊन गेले ती दारातच ऐकत राहिले.

"तुला कीव आली असती."

"कीव? तुही कीव? तोंड पाह्यलं का आरशात!"

गार्गी आधी रडली, मग दोघी हसत सुटल्या. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पेपर देते म्हणाली.

१६ एप्रिल
पहिला पेपर. मी साडी नेसून, पर्स घेऊन तयार. गार्गी रितिकाच्या गाडीवर बसली.

"आजी, तू घरीच राहा. भांडतेस तू — बघतात सगळे माझ्याकडे."

राहिले.