हात सुटला त्या दिवसापासून

तुमसर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कामिनी हिस मंदाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मोनाले घेऊन माहेरी गेली, त्याले आज नऊ दिवस झाले. फोन करावा तर तिकडे तुझा भाऊ धर्मेंद्र उचलते, आणि इकडे भुपेंद्र बाजूले बसून राहते. म्हणून कागद घेतला. जुन्या पेपरावरून गिरवून शिकलेलं अक्षर आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं दिसलं तर हसून घे.

पवनीच्या लग्नात झालं ते मी झाकत नाही. वरातीचा डीजे वाजला, माझ्या लेकानं दोन्ही हात कानावर धरले आणि सहा वर्षांच्या पोरीचा हात सुटला. पाऊण तासानं ती बसस्थानकावर, उभ्या बसच्या चाकापाशी सापडली. डोळे मिटले का मले ते चाक दिसते. तुझ्या जागी मी असती तर मीही निघून गेली असती.

मागच्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं भुपेंद्रले ॲस्पर्जर सांगितलं, तेव्हा तूच मले समजावलं का हे येडेपण नोहे, घडणच निराळी आहे. आवाज त्याले टोचते, लोकांच्या मनातलं तोंडावरून वाचता येत नाही. मी मान हलवली आणि न्हाणीत जाऊन रडली. तो पाच वर्षांचा होता तेव्हा पिठाच्या चक्कीच्या आवाजानं किंचाळे. सवय व्हावी म्हणून मी त्याले चक्कीतच उभा करून बाहेरून दार लावलं होतं. दळण होईपर्यंत. हे आजवर कोणाजवळ बोलली नाही.

तो सकाळी मिलमध्ये जाते, तांदळाचे नमुने तपासते, दुपारी वेळेवर घरी येते. जेवताना मोनाच्या पाटाकडे पाहत नाही. मले भ्या वाटते, कामिनी. तुले काय वाटते ते मोकळं लिही.

रागाच्या पोटात थोडा लोभ राहू दे.
तुझी सासू,
मंदाबाई


कोंढा,
१ डिसेंबर २०२४

ती. आईंना कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हसले नाही. चक्कीची गोष्ट दोनदा वाचली.

मी यांच्यावर रागावलेली नाही, आई. राग असता तर चार दिवसांत उतरला असता. मला ताप आला की हे दर तासाला थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवतात. असा नवरा माझ्या एकाही मैत्रिणीला नाही. पण पवनीतच मी यांना विचारलं, हात काहून सोडला, तर म्हणाले, सुटला ते कळलंच नाही, पुन्हाही सुटू शकतो. दुसरा कोणी खोटा दिलासा देऊन मोकळा झाला असता. यांनी खरं सांगितलं. आता त्या खऱ्याच्या भरवशावर पोरगी कशी ठेवू? माझी दवाखान्यातली ड्युटी दुपारची, आणि दुपारी मोना यांच्याजवळच असते.

धर्मेंद्रनं इथल्या शाळेचा फॉर्म आणला आहे. सोमवारी, सोळा तारखेला मोनाचं नाव घालायचं म्हणतो. बहिणीचं चांगलं पाहून राहिला, त्याला तरी काय बोलू?

गुडघ्याला तेल लावत जा. लेकीसारखी माया केली, ती कमी करू नका.
आपली,
कामिनी


तुमसर,
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. कामिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल भुपेंद्र मिलमधून उशिरा आला आणि अंगणातच उलटी केली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, सराव करून राहिलो. मिलमधल्या मशीनवाल्या माणसाकडून कानातले बोळे आणले आणि तीन वराती रस्त्याच्या कडेले उभं राहून काढल्या. दोनदा पळाला, एकदा टिकला. कामिनीले काहून सांगत नाही म्हटलं, तर म्हणे, तेव्हा हातात मोनाचा हात नव्हता, म्हणून ते हिशोबात धरता येत नाही.

मी लावलेलं चक्कीचं दार आता तो स्वतःच लावून घेऊन राहिला. मी त्याले बस कर म्हटलं. तुले ये म्हणायचं तोंड मले नाही. फक्त सोळा तारखेच्या आधी एकदा त्याच्याशी बोल.

घास गोड लागत नाही, एवढ्यातच समजून घे.
मंदाबाई


कोंढा,
१३ डिसेंबर २०२४

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारी मोना हरवली. आता सुखरूप आहे, आधी हे वाचा आणि मग पुढचं.

धर्मेंद्रच्या अंगणात धानाची मळणी सुरू झाली. मशीन धडधडली आणि पोरगी दिसेना. घरामागे तलाव. माणसं बांबू घेऊन पाण्यात उतरली. धर्मेंद्रनं देवळाच्या भोंग्यावरून तिच्या नावाचा पुकारा लावला, गावात हरवलेलं लेकरू असंच शोधतात. पाण्यात बांबू फिरताना पाहून मी यांना फोन लावला.

यांनी धीर दिला नाही, रडले नाहीत. विचारलं, मागे आवाज कसला आहे. भोंगा म्हटलं. तर म्हणाले, आधी तो बंद करा, मशीन बंद करा, कोणीही तिचं नाव घेऊ नका. जितक्या मोठ्यानं बोलवाल तितकी ती आत शिरेल, मी तसंच करत होतो. धर्मेंद्र भडकला. पोरगी पाण्यात असली तर या माणसाचं ऐकून गप्प बसायचं काय, म्हणाला. आई, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी धावत जाऊन भोंग्याची वायर ओढली. पाण्यातली माणसं थांबली नाहीत, पण हाका थांबल्या. वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मला लिहिता येत नाहीत.

मग धानाच्या पेंढ्या रचलेल्या दोन पुंजण्यांमधल्या फटीतून मोना आपणहून बाहेर आली. दोन्ही हात कानावर.

हे मी आधीही पाहिलं होतं, आई, लाड म्हणून सोडून दिलं होतं. आता नागपूरला तिलाही दाखवावं लागेल. फॉर्म मी परत केला. धर्मेंद्र बोलत नाही. रविवारी, बावीस तारखेला आम्ही येतो. भीती गेली म्हणून येत नाही. ती दुपटीनं वाढली, आणि एकटीनं पेलवत नाही.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
कामिनी


तुमसर,
१६ डिसेंबर २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र आई वाचून दाखवेल. आजीने सांगितले की पत्रात आधी खुशाली लिहावी. माझी खुशाली बरी नाही. बुधवारपासून झोप नीट होत नाही.

मोठा आवाज आला की कान झाकणे ही चूक नाही. पण झाकण्याआधी रस्त्यापासून आणि पाण्यापासून दूर जायचे, आणि भिंतीला पाठ लावायची. हे मी तुला रोज चार वाजता शिकवणार आहे. मलाही ते पूर्ण येत नाही. माझा हात पुन्हा सुटू शकतो, म्हणून वरातीच्या रस्त्याने आपण आईशिवाय जाणार नाही.

तरीही तू कधी हरवलीस, तर मी तुला हाक मारणार नाही. लोक म्हणतील, बाप असून गप्प आहे. मी गप्प राहूनच शोधत असेन. तू जिथे असशील तिथे थांब.

कळावे,
तुझे पप्पा,
भुपेंद्र श्रावण सेलोकर