हरिणीचं ‘वा’

विनुताच्या बाबांना नमस्कार.

मी तंजावरात धडधाकट आहे, घोर नको. तुमची कंबर कशी आहे?

आमच्या शिलाईच्या कारखान्यात हरिणी सुपरवायझर झाली. दोरा ओवायला तिला मीच शिकवलं! पण मी पडले तिसरी पास. तिला तीन दिवस ट्रेनिंग दिलं, आता फाईल छातीशी धरून मिरवते. तिथं शिकवलं म्हणे, बायकांना शाबासकी द्या.

काल लांबूनच मला म्हणाली, “वा, वा!” तमिळमध्ये वा म्हणजे ये, वर्षभर ऐकतेय. तरी मला शाबासकीच वाटली. मी लाजले.

शेजारची कामाक्षी म्हणाली, “अक्का, हसता काय? बोलावतेय ती!”

हरिणीजवळचं एक मशीन अडलं होतं. ते काही ट्रेनिंगात शिकवलं नाही. मी चालू करून दिलं. कुणी वा म्हटलं नाही.

तुम्ही तरी पत्रात एकदा लिहा. मराठीतलं.

तुमचीच,
कुसुम