नाव अजून वापरात आहे

सोमवार, १० नोव्हेंबर

...तांदूळ निवडून झाले होते, मोरीत भांडी पडली होती आणि मी मागच्या दारी चुलीतली राख काढत होते. हे रात्रपाळी करून आले. केसांत लूमचा कापूस. इकडेतिकडे पाहिलं — सासूबाई नळावर गेलेल्या — आणि हळूच म्हणाले, "सखी, चहा टाक." बस. त्या सकाळी दुसरं काहीच घडलं नाही.

काल ती सकाळ आठवली. सून मेघाली बाळासाठी मोबाइलवर नावं वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "सखी." मी तव्यासमोर होते, तोंडातून "ओ" निघून गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

"क्यूट आहे ना, आई? आणि आपल्यात कोणाचंच नाहीये."

मुलगा भूपेश म्हणाला, "जुनाट वाटतं गं."

"अरे, जुनं तेच आता वेगळं वाटतं."

कोणाचंच नाही म्हणे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मेघालीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून पहिलं बाळंतपण असून इकडेच. बारसं रविवारी. शेजारची रंगूबाई पोरीला न्हाऊ घालायला येते. पोर तिच्या पायांवर, आणि मेघाली नावं वाचतेय — रियांशी, कियाना, आयझेल.

रंगूबाई म्हणाली, "ही नावं हायेत का खोकल्याची औषधं?"

मेघाली हसली. "म्हणून तर सखी, मावशी."

मी धुतलेली दुपटी परत एकदा धुतली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इथे तरी लिहिते. सखी माझं नाव आहे. आईने ठेवलेलं.

लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं. सगळे वाकून बघत होते, मीही बघत होते, पण मला वाचता कुठे येत होतं? नणंदेने मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं, आता आपण सुवर्णा. वाचायला शिकले ती पुढे, भूपेशच्या पहिलीच्या पुस्तकावरून — तो शाळेत गेला की ते पुस्तक माझं.

लग्नानंतर चार दिवसांनी हे म्हणाले, "ताटातलं नाव घरच्यांसाठी. तुला आवडतं का ते?" मी म्हटलं, आवडायचं काय त्यात. तर म्हणाले, "मग मी जुनंच चालवतो." पण चारचौघांत कधी नाही. दाराआड, शेताच्या बांधावर, शेवटी दवाखान्यात. आईवडील गेले, भाऊ ताई म्हणतो. आधारवर सुवर्णा, रेशनवर सुवर्णा. हे गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ते नाव कोणी घेतलं नाही.

आणि आता ते बारशाच्या फुग्यांवर लिहिणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सांगायचं राहिलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज पेटीतली सगळी पुस्तकं काढली. मेघाली-भूपेशला याहून चांगलं नाव सापडलं तर हे आपोआप मागे पडेल असं वाटलं. बकुळ म्हटलं, केतकी म्हटलं. मेघाली म्हणाली, "आई, तुम्हाला सखी का नकोय? खरं सांगा."

"असंच."

"असंच म्हणजे?"

मी पोरीची लंगोटी बदलायला घेतली. कोरडीच होती.

मन एका जागी राहत नाही. कधी वाटतं, असू दे. नाव घरात परत ऐकू तरी येईल. मग वाटतं, काय ऐकू येईल? सखी, मार खाशील. सखी, मोबाइल ठेव. दिवसभर, कोणाच्याही आवाजात. ह्यांचा आवाज त्याखाली कुठे उरेल?

दुपारी मेघालीचा डोळा लागला होता. पोरीला मांडीवर घेऊन म्हणून पाहिलं — "सखी". विचित्रच वाटलं. या नावाने मी कधी कोणाला हाक मारलेली नाही. मी फक्त ओ दिलेली आहे.

पोरीने जांभई दिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं.

मुलगी उन्नती दुपारी सासरहून आली. आत्या ना, उद्या नाव तिनेच कानात सांगायचं. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "नाव फिक्स?" भूपेशने फोन हातात घेतला, फुगेवाल्याला कळवायचं होतं. मी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालत होते.

म्हटलं, "ते नाव माझं आहे."

भूपेश म्हणाला, "म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. ताट, अंगठी. दाराआडचं मात्र नाही. उन्नती खाली बसली. "आई, एवढ्या वर्षांत मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मला वाटलं होतं, कळलं की विषय मिटेल. झालं उलटंच. मेघालीचे डोळे भरून आले. "मग तर हेच ठेवायचं! आजीचं नाव नातीला — किती छान."

"नाही."

"का पण?"

"मी अजून आहे. नाव वापरात आहे."

"कोण वापरतं, आई?" भूपेश सहज बोलून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. मी हरभऱ्यांत आणखी पाणी ओतलं.

मेघाली पोरीला घेऊन आत गेली. दार लावलं. रंगूबाई दारातून सगळं ऐकत होती. म्हणाली, "नाव म्हंजी काय पाटल्या हायेत का गं, कपाटात ठेवून जपायला? नातीला देवाला पन हात आखडतेस?"

तिला सांगितलं, उद्या लवकर ये, पाळण्याला दोरी बांधायची आहे. दुसरं काय बोलणार. पाटल्या मागितल्या असत्या तर लगेच काढून दिल्या असत्या.

जेवायला कोणी नीट बसलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी मेघाली पोरीला घेऊन अंगणात. कावीळ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी कोवळं ऊन द्यायला सांगितलंय. पण समोर गोडाऊन झाल्यापासून ऊन अंगणात पसरतच नाही. दोन पत्र्यांच्या मधून एक पट्टा येतो, आणि तो सरकेल तसं आपणही सरकायचं. मी तिच्यासाठी पाट उचलून पुढे ठेवला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, याला काय म्हणतात? असं फटीतून येतं त्या उन्हाला?"

"तिरीप."

ती पोरीकडे बघत राहिली. मग, "हे कोणाचं आहे?"

"माझ्या माहितीत तरी कोणाचं नाही."

"ठेवू?"

"तुझी पोर आहे. मला काय विचारतेस?"

"कालही माझीच होती," ती म्हणाली. आणि हसलीही, थोडीशी.

फुगे नुसतेच आले, नावाशिवाय. उन्नतीने कानात तिरीप सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. रंगूबाईने चारचारदा विचारलं, "तिरपी? का तिरीप?" घुगऱ्या कमी पडल्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज रंगूबाईकडे गेले आणि तिला तिचं माहेरचं नाव विचारलं. आधी म्हणाली, "आता मेलं ते काय करायचं हाय?" मग उठून दार लोटलं आणि सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तिचं आहे. मी त्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली.