मखमली झग्यातल्या तसबिरीची व्यवस्था

मी, यतीन वामन केळुसकर, वय एकोणसाठ, इकाम्यानुसार, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यानुसार, राहणार रियाध, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता हे लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, म्हणजे मेहुणे गिरीश यांना शंका काढायला जागा नको.

१. पुण्याचा फ्लॅट व ठेवी पत्नी विभा हिच्या. तिच्यामागे सर्व काही मुलगी स्वानंदी हिचे.

२. रियाधच्या घरातले सामान ज्याला हवे त्याने न्यावे. गिरीश यांना काहीही देऊ नये. पुण्यात माझ्या खुर्चीत ते बसतच आहेत, तेवढे पुरे.

३. माझे तैलचित्र. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागते.

पाचशे वर्षांपूर्वी इटलीतले व्यापारी हाती पैसा आला की आपलं चित्र काढून घेत. अंगात मखमल, बोटात अंगठी, मागच्या खिडकीत स्वतःची इस्टेट. बँकेच्या कामाने तिकडे गेलो, ती चित्रं पाहिली आणि मलाही हौस आली. इथल्या चित्रकार उमामा मुकादम, मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांनी विचारलं, खिडकीत काय दाखवू? मी फ्लॅटचा फोटो दिला. त्या फ्लॅटमध्ये मी आजवर सुट्टीपुरताच राहिलो आहे.

चित्र पुण्याला पाठवलं, विभाने ते कौतुकाने हॉलमध्ये लावलं. पुढे स्वानंदीला पाहायला माणसं आली. मी व्हिडिओ कॉलवर होतो, पण पाहुण्यांशी माझी ओळख अजून व्हायची होती आणि फोन टीपॉयवर उताणा ठेवलेला, त्यामुळे मला नुसता पंखा दिसत होता. मुलाची आई चित्रापाशी थांबली असावी. आवाज खाली आणून म्हणाली, "फार लवकर गेले हो."

तिचं काय चुकलं? आपल्याकडे जिवंत माणसाची एवढी मोठी तसबीर कोण लावतं? पण विभा काही बोलली नाही. स्वानंदीही नाही. कपबश्या तेवढ्या वाजल्या. मीच कॉल बंद केला. मला फार लागलं, आणि दोघींनाही मी ते कधी सांगितलं नाही.

ते स्थळ जमलं नाही, याचं मला मुळीच दुःख नाही. चित्र मात्र त्या दिवसापासून चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे. विभा म्हणते, अपशकुन नको.

तेव्हा माझ्या मृत्यूनंतर ते खाली काढून हॉलमध्ये लावावे. आता हरकत नसावी. हार घालू नये. हार घातला की माणसं हात जोडतात आणि पुढे जातात. तुम्ही दोघी चहा घेत असाल तेव्हा मला तिथे नुसतं बसायचं आहे.

सही : यतीन वामन केळुसकर
साक्षीदार : १. नूरुद्दीन परकार (शेजारी) २. उमामा मुकादम (चित्रकार)
ठिकाण : रियाध
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४