मारामाच्या अंगावरचे ठिपके

लामी, सुव्हा
४ मार्च १९९५

चि. उना हिस सेनिमिलीताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, असं लिहिणार होते, पण तुझी मारामा ठीक नाही. ब्रिस्बेनला जाताना तू या निळ्या माशाच्या टाकीला कवटाळून रडलीस, माझ्या गळ्यात पडून नाही, हे मी विसरलेले नाही. तरी जीव लावून तिला सांभाळते आहे. गेल्या रविवारी चर्चहून आले तर तिच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके! सारखी दगडाला अंग घासत होती. दोन दिवसांत ठिपके आपोआप गेले, मला वाटलं सुटलो. आज दुपटीने आले आहेत. आमचे वाइसाके म्हणतात, म्हातारी झाली, दुसरं काय. नवऱ्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. पण तू माशांच्या दुकानात नोकरी करतेस, तर उपाय कळव. नाताळात तू येशील तेव्हा तुला रिकामी टाकी दाखवायची वेळ माझ्यावर येऊ नये.

घरच्या सगळ्यांचा लोभ पाठवते. तुझा माशांना देऊन उरेल तो आम्हाला असू दे.

तुझी ताई


ब्रिस्बेन
२० मार्च १९९५

ती. ताईस उनाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, ते ठिपके म्हणजे किडे आहेत. माशाच्या कातडीत शिरून पोट भरतात आणि मग गळून वाळूत पडतात. आपल्याला वाटतं, बरा झाला. तिकडे वाळूत एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत निघतात.

सोबत औषध पाठवते आहे. ते तांब्याचं आहे, टाकीत घातलंस तर पोवळी मरतील. म्हणून सगळे मासे मोठ्या टबात काढ आणि औषध तिथेच घाल. टाकीत अडीच महिने एकही मासा नको, म्हणजे उरलेले किडे उपाशी मरतील. टबात बुडवलेला हात टाकीत घालू नकोस. आणि पुढे कधी नवा मासा आलाच तर तो दीड महिना वेगळा ठेवल्याशिवाय आत सोडायचा नाही. एवढं माझं ऐकच.

वाइसाके भावोजींना नमस्कार. रागे भरलीस तरी लोभ असू दे.

तुझी उना


लामी
२३ जुलै १९९५

चि. उना, अ. उ. आ.

तू सांगितलंस ते अक्षरशः केलं. अडीच महिने नुसत्या पाण्याची राखण करत होते. गल्लीतल्या बायका विचारायच्या, मासे कुठे गेले? मी सांगायचे, सुट्टीवर. न्हाणीघरातल्या टबात औषधाने मारामाने अन्न टाकलं, निम्मी झाली, पण तगली. परत टाकीत सोडली तेव्हा अंग कसं स्वच्छ, निळंभोर. मी तर नाचायचीच बाकी होते.

आणि मग कडावूहून आपिसाई मामा आले. अख्ख्या प्रवासात बोटीवर बादली मांडीवर धरून, उनाच्या टाकीसाठी म्हणून एक पिवळा मासा घेऊन. मामांच्या मानाचं यंगोना प्यायला परात मांडलेली, चार वडीलधारी बसलेली. मी हळूच म्हटलं की आधी न्हाणीघरात ठेवते. मामांनी विचारलं, का गं, माझ्या बादलीला वास येतो का? उना, आपण त्यांची भाचरं. त्यांच्या गावात जाऊन आवडेल ते डुक्कर हाकून आणलं तरी ते हूं की चूं करत नाहीत. त्यांनी दिलेली भेट मी मोरीत ठेवू? सोडला मासा. मामांनी खुशीत टाळ्या वाजवल्या.

काल मारामाच्या परांवर पुन्हा ठिपके दिसले. रागव, पण माझ्या जागी बसून रागव.

आहे तो लोभ एका पिवळ्या माशापायी आटवू नकोस.

ताई


ब्रिस्बेन
६ ऑगस्ट १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

मामांनाच दीड महिना न्हाणीघरात बसवायचं होतंस! रागावून झालं, रडून झालं, आता लिहिते.

तेच औषध तिला दुसऱ्यांदा सोसणार नाही, औषधानेच जाईल. म्हणजे आता रोग जाणार नाही, तो घेऊनच तिला जगवायचं. लसणाच्या रसात भिजवून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायला घाल. वाळू उपसून पाणी बदलत जा. काचेवर कुणाला टकटक करू देऊ नकोस. अंगात ताकद आहे तोवर ती त्या किड्यांना पुरून उरेल. फक्त बाहेरून नवे किडे आले तर मात्र ती टिकणार नाही.

इथे बसून मला काहीच करता येत नाही, याचा फार संताप होतो. त्या भरात मामांनाही चार ओळी लिहिल्या. जरा तिखट झाल्या असतील.

माझा लोभ तुझ्यावर आहेच, मामांवर परत यायला थोडा वेळ लागेल.

उना


लामी
१ ऑक्टोबर १९९५

चि. उना, अ. उ. आ.

मारामा खाते आहे. ठिपके येतात, जातात. सकाळी चहाच्या आधी मी तिचं अंग निरखून बघते. सध्या एकही नाही.

पण तुझ्या चार ओळी कडावूला पोचल्या. मामांनी त्या मास्तरांकडून वाचून घेतल्या, म्हणजे अख्ख्या गावाने ऐकल्या. आज दुपारी मामा गावातल्या दोन थोरांना घेऊन आले. घरात येईनात. दारातच बसले, वाइसाकेंपुढे व्हेलचा दात ठेवला आणि आपल्या हातून भाचीच्या घराला इजा झाली, म्हणून क्षमा मागितली. पिकल्या केसांचा माणूस, मान खाली घालून, एका माशासाठी. मला रडू आवरेना. वाइसाकेंनी दात उचलला. तो उचलला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही, हे तुला मी सांगायला नको.

मग मामांनी जीपमधून बादली आणवली. क्षमा मागायला रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणाले. दोन मासे आहेत, मारामासारखेच निळे, तिला सोबत म्हणून. आता नाही म्हणायचं म्हणजे क्षमाच केली नाही असं होतं. वाइसाके माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी चहा करते म्हणून आत आले आणि आधण ठेवून तुला लिहिते आहे, जसं काही तुझं उत्तर चहा होईपर्यंत येणार आहे.

आत्ता बाहेर पाणी ओतल्याचा आवाज झाला. मागोमाग टाळ्या.

जाऊन आले. मारामा नव्या पाहुण्यांना बघायला काचेपाशी पुढे आली होती. मामांचा चेहरा इतका फुलला होता की मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार होते?

लोभ आहे तसाच राहू दे. आणि तिला भेटायचं असेल तर नाताळपर्यंत थांबू नकोस.

तुझी ताई